परवान्याचं शुल्क खात्याने वाढवलं, सभागृहात चर्चा नाही: हे चालतं का?

प्रश्न नाशिकच्या एका छोट्या व्यावसायिकाचा आहे. थोडक्यात असा: वार्षिक परवाना शुल्क २,००० रुपये होतं, यंदा ७,५०० मागितलं. नोटिशीत 'सुधारित दराने भरणा करावा' यापलीकडे काही नाही. विधानसभेत यावर चर्चा झाल्याचं ऐकिवात नाही, हरकती मागवल्याचंही नाही. आमदारांच्या कार्यालयात गेले तर 'हा खात्याचा विषय आहे' म्हणून बोळवण झाली. मग सरकारी खात्यांनी वाटेल तो दर लावायचा आणि विधिमंडळाचा त्यावर काहीच ताबा नाही, असं आहे का?

ताबा आहे, पण तुम्ही शोधताय त्या जागी तो सापडणार नाही. शुल्क लागू होण्याआधी सभागृहात मतदान होईल, ही अपेक्षा बहुतेक शुल्कांच्या बाबतीत चुकीची ठरते. विधिमंडळ कायदा करताना शुल्क घ्यायचा अधिकार खात्याला देऊन मोकळं होतं आणि दर ठरल्यावर तो तपासायची काही साधनं स्वतःकडे ठेवतं. ही साधनं आपोआप चालत नाहीत. कोणीतरी सदस्याच्या हातात नेमका कागद द्यावा लागतो. म्हणून रक्कम जास्त की रास्त हा वाद थोडा बाजूला ठेवा. आधी हे शोधा की हा आकडा कोणत्या कलमाखाली, कोणी आणि कोणत्या पद्धतीने ठरवला. तुम्ही कार्यालयाचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं 'जर-तर' करतच सांगावं लागणार आहे.

पाया असा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही आणि शुल्काच्या बाबतीतही न्यायालयं कायद्याचा आधार मागतात. १९९२ मध्ये अहमदाबादच्या नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात स्पष्ट तरतूद नसेल तर प्राधिकरणाला विकास शुल्क आकारता येत नाही. कामाला पैसा लागतो म्हणून अधिकार आहेच असं गृहीत धरता येत नाही. नाशिकला हा निकाल विशेष उपयोगाचा आहे, कारण इथे महापालिका, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, एमआयडीसी आणि आता कुंभमेळ्यासाठीचं प्राधिकरण अशा बऱ्याच संस्था एकाच परिसरात पावत्या फाडू शकतात. प्रत्येकीचा कायदा वेगळा, त्यामुळे प्रत्येकीचा शुल्काचा अधिकारही वेगळा तपासावा लागतो.

'पण अर्थसंकल्पात तरी हे येत असेल ना?' येतं, जमेच्या बाजूला. सभागृह मतदान करतं ते खर्चाच्या मागण्यांवर. जमेचे अंदाज छापून सदस्यांना मिळतात, त्यांवर मतदान नसतं. शिवाय अनुच्छेद १९९ नुसार परवान्याचं किंवा सेवेचं शुल्क लावतं एवढ्यावरून एखादं विधेयक धन विधेयक (म्हणजे कर आणि सरकारी पैशाबद्दलचं खास विधेयक) ठरत नाही. कर वाढला की पहिल्या पानावर मथळा होतो. शुल्क वाढलं की राजपत्राच्या एखाद्या पानावर भागतं. पाणी मुरतं ते इथे.

आता तुमचं शुल्क कुठल्या प्रकारात बसतं ते पाहू.

काही शुल्कांचे दर खुद्द अधिनियमात किंवा त्याच्या अनुसूचीत असतात. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातलं विकास शुल्क (कलम १२४-अ पासून पुढे) याच जातीचं, त्याचे दर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. न्यायालय शुल्कही तसंच. १९५९ च्या अधिनियमात दुरुस्ती होऊन जानेवारी २०१८ पासून त्याची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर गेली, आणि त्यासाठी विधेयक आणावंच लागलं. तुमचा दर असा अनुसूचीत असेल आणि खात्याने तो परिपत्रकाने वाढवला असेल, तर वाद तिथेच संपतो. मात्र अनुसूची बदलायचा अधिकार काही अधिनियम शासनालाच देतात. ते कलम आधी बघून घ्या.

दुसरा आणि सर्वांत मोठा गट नियमांनी ठरणाऱ्या शुल्कांचा. अधिनियम म्हणतो 'विहित करण्यात येईल असे शुल्क', आणि विभाग नियम करून आकडा भरतो. तुमचं प्रकरण राज्य शासनाच्या खात्याचं असेल तर बहुधा इथलंच असणार.

तिसरा गट स्थानिक संस्थेच्या ठरावाने ठरणाऱ्यांचा. चौथा गट ज्याला धड शुल्क म्हणता येत नाही अशा रकमांचा. एमआयडीसी सातपूर-अंबडच्या भूखंडाची मालक म्हणून भाडेपट्टा देते, तेव्हा हस्तांतरणाच्या वेळी घेतली जाणारी रक्कम बरीचशी कराराच्या अटींवर उभी असते. तिथे राजपत्रातली अधिसूचना शोधत बसू नका, आधी आपला भाडेपट्ट्याचा दस्त काढून वाचा.

केंद्राच्या नियमांची गोष्ट निराळी. पेठ रोडच्या आरटीओत तुम्ही लायसन्स किंवा वाहन नोंदणीसाठी जे शुल्क भरता ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३२ आणि ८१ च्या तक्त्यांतून येतं. खिडकी नाशिकची, कर्मचारी राज्याचे, पण दर दिल्लीचा. त्याबद्दल आमदाराला धरून उपयोग नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २१२ प्रमाणे हे नियम संसदेपुढे ठेवले जातात, म्हणून तिथे खासदार. आरटीओतला वाहन कर मात्र राज्याचा आहे, त्याची गल्लत करू नये.

हे सगळं ओळखायचं कशावरून? कागदावरून. नोटिशीत एखाद्या अधिसूचनेचा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक असेल तर तो कागद मिळवा. अधिसूचना असेल तर तिची सुरुवात ठरलेली असते: '… अधिनियमाच्या कलम … द्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून, महाराष्ट्र शासन याद्वारे …'. तुमच्या कामाची ओळ हीच. तिथलं कलम अधिनियमात उघडून पाहा की ते खरोखर शुल्काबद्दल आहे की नुसतं नियम करायच्या सर्वसाधारण अधिकाराबद्दल. दुसऱ्या प्रकारात खात्याची बाजू लंगडी पडते.

शासन निर्णय असेल तर वरच्या भागातलं 'वाचा' किंवा 'संदर्भ' बघा. आधीचे सगळे कागद तिथे ओळीने दिलेले असतात. मजकुरात 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक … अन्वये प्राप्त सहमतीने' अशी ओळ असते, ती टिपून ठेवा. शेवटी लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख. आणि 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' हे वाचून दबून जाऊ नका. शासनाचे आदेश राज्यपालांच्या नावाने काढायची पद्धत घटनेनेच घालून दिलेली आहे. राज्यपालांनी तुमच्या शुल्कात लक्ष घातलंय असा त्याचा अर्थ होत नाही.

शासन निर्णय हा प्रशासकीय आदेश असतो. अधिनियम 'विहित' म्हणत असेल तर दर नियमांत यायला हवा आणि नियम राजपत्रात. नुसत्या शासन निर्णयाने किंवा आयुक्तालयाच्या परिपत्रकाने दर बदलला असेल तर रक्कम कितीही वाजवी असली तरी ती उभी राहणं अवघड आहे. व्यवहारात सर्वाधिक सापडणारा दोष हाच, आणि लोक नेमका तो सोडून महागाईवर भांडत बसतात.

राजपत्रात शोधताना भाग महत्त्वाचा. महाराष्ट्राच्या अधिनियमांखालचे नियम भाग चार-ब मध्ये येतात, केंद्रीय अधिनियमांखाली राज्याने केलेले चार-अ मध्ये. भाग एकची नाशिक विभागीय पुरवणी वेगळी निघते, स्थानिक स्वरूपाच्या अधिसूचना तिथे असतात. तारीख माहीत नसेल तर पावतीवरच्या जुन्या आणि नव्या दराच्या तारखांमधला काळ चाळा.

पावती म्हणजे चलन. ग्रास या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर भरणा केला असेल तर एमटीआर नमुना ६ चं चलन निघतं. त्यावर जीआरएन क्रमांक (त्या भरण्याचा शासकीय क्रमांक), विभागाचं आणि कार्यालयाचं नाव, आणि 'लेखाशीर्ष', म्हणजे पैसा ज्या सदराखाली जमा होतो त्याचा क्रमांक, असतं. पहिले चार अंक मुख्य शीर्षाचे: ००३० म्हणजे मुद्रांक व नोंदणी शुल्क, ००४१ वाहनांवरील कर, ००७० इतर प्रशासकीय सेवा, ०२३० कामगार व रोजगार. अर्थसंकल्पाच्या जमेच्या पुस्तकात हाच क्रमांक शोधला की त्या शीर्षाखाली किती पैसा येतो ते दिसतं. चलनच नसेल, नुसता सेवा केंद्राचा कागद असेल, तर त्यातली शासकीय शुल्काची आणि केंद्राच्या सेवा शुल्काची ओळ वेगळी करून घ्या. पुष्कळदा 'शुल्क वाढलं' असं वाटतं आणि वाढलेलं असतं मधल्याचं कमिशन. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, तरी लोक स्टॅम्प पेपर घेऊन रांगेत उभे असतात. तो पैसा कुठल्या कायद्याने मागितलेलाच नाही.

तुमचा परवाना महापालिकेचा असेल तर गणित बदलतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३८६ प्रमाणे परवान्याचं शुल्क आयुक्त ठरवतात, पण महापालिकेच्या मंजुरीने. इथे महापालिका म्हणजे महासभा. स्थायी समितीची मंजुरी पुरेशी नाही. कराचे दर दर वर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचं बंधन कलम ९९ मध्ये आहे. परवाना शुल्काला ती तारीख नाही, म्हणून ते वर्षाच्या मध्येही वाढू शकतं. २०१८ मध्ये करयोग्य मूल्याच्या दरवाढीवरून आयुक्त आणि महासभा आमनेसामने आल्याचं नाशिककरांना आठवत असेल. तो वाद कराचा होता, पण आयुक्तांचा अधिकार कुठे संपतो आणि महासभेचा कुठे सुरू होतो हा प्रश्न शुल्कातही तसाच येतो.

म्हणून राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, नगरसचिव विभागाकडे तीन गोष्टी मागा: विषयपत्रिका, आयुक्तांचा प्रस्ताव आणि ठरावाचं इतिवृत्त, ठराव क्रमांकासह. विषय मूळ पत्रिकेत होता की 'जादा विषय' म्हणून ऐनवेळी घुसवला, ते इतिवृत्तात कळतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, त्या प्रशासकीय काळातला दर असेल तर प्रस्ताव मांडणारा आणि मंजुरी देणारा अधिकारी एकच दिसेल. हे खटकतं, पण प्रशासकाला महासभेचे अधिकार असतात, तेवढ्या मुद्द्यावर निर्णय सहसा पडत नाही. लेखी प्रशासकीय ठरावच नसेल, तर मात्र मुद्दा पक्का.

महापालिकेच्या ठरावावर विधिमंडळ थेट हात घालू शकत नाही. पण कलम ४५१ प्रमाणे राज्य शासनाला महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करता येतो, आणि शासन विधिमंडळाला उत्तरदायी आहे. आमदाराचा प्रश्न नगरविकास विभागाकडे जातो तो या वाटेने. 'खात्याचा विषय आहे' असं सांगून कोणाला हात वर करता येत नाहीत. शहराबाहेर, ग्रामपंचायत हद्दीत असाल तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ आणि कर व फी नियम, १९६० पाहा. जिल्हा परिषदेच्या व्यवहारांची झाडाझडती घेणारी विधिमंडळाची समिती म्हणजे पंचायती राज समिती.

आता नियमांवरची देखरेख. महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक अधिनियमाच्या शेवटी एक कलम असतं: केलेला प्रत्येक नियम, शक्य तितक्या लवकर, राज्य विधानमंडळाच्या प्रत्येक सभागृहापुढे, ते अधिवेशनात असताना, एकूण तीस दिवस ठेवण्यात येईल. हे तीस दिवस एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून मोजतात. आपली अधिवेशनं आखूड असतात, त्यामुळे मुदत दोन किंवा अधिक अधिवेशनांवर पसरते. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी बदल करायचं किंवा नियम नकोच असं ठरवलं, तर राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तो बदल लागू होतो. मात्र तोवर झालेली वसुली त्याने रद्द होत नाही. दोन्ही सभागृहांनी मिळून नियम मोडीत काढणं जवळपास घडत नाही, कारण बहुमत सरकारचंच असतं. म्हणून पटलावर ठेवण्याला काही अर्थ नाही असं समजू नका. नियम पटलावर आला की तो सदस्याच्या कक्षेत येतो, आणि नियम तपासणाऱ्या विधिमंडळाच्या उपविधान समितीच्याही.

ही समिती धोरण चांगलं की वाईट हे पाहत नाही. अधिनियमाने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर नियम गेला का, शुल्काच्या नावाखाली कर लावला का, अधिनियमात अधिकार नसताना मागील तारखेपासून लागू केला का, प्रसिद्ध करायला किंवा पटलावर ठेवायला अवाजवी उशीर झाला का, असे तिचे प्रश्न असतात. यातली मागील तारीख तुमच्या नोटिशीत जरूर तपासा. अधिसूचना जूनची आणि दर १ एप्रिलपासून, असा प्रकार पुष्कळ दिसतो. अधिनियम स्पष्ट परवानगी देत नसेल तर मधल्या काळातली वाढ घेता येत नाही.

एक सावधगिरी. नियम पटलावर ठेवलाच नाही हे सापडलं म्हणून तो आपोआप रद्द झाला असं होत नाही. १९७९ मध्ये हरियाणाच्या ॲटलस सायकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं ठेवणं निदेशात्मक मानलं, म्हणजे त्यात चूक झाली तरी तेवढ्याने आदेश कोसळत नाही. हा मुद्दा सभागृहात जोरदार आहे आणि न्यायालयात दुबळा. आगाऊ प्रसिद्धीचं उलट आहे. अधिनियमात 'पूर्व प्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून' असे शब्द असतील तर मसुदा राजपत्रात छापून हरकतींसाठी मुदत द्यावीच लागते, आणि ती पायरी गाळली तर न्यायालय ऐकून घेतं. तुम्हाला हरकती मागवल्याचं आठवत नाही, म्हणून हे शब्द अधिनियमात आहेत का ते सर्वांत आधी पाहा.

इथपर्यंतचं अधिकाराबद्दल झालं. आता रकमेकडे येऊ.

कर आणि शुल्क यांतला फरक १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून चालत आला आहे (हे शिरूर पुण्याजवळचं नव्हे, उडुपीचा मठ). शुल्काच्या बदल्यात काही सेवा असावी, हा मूळ विचार. पुढे तो सैल झाला. १९८३ च्या आंध्रच्या बाजार फीच्या प्रकरणात न्यायालयाने रुपयाला रुपया जुळणं आवश्यक नाही, ढोबळ संबंध पुरे, असं धरलं. आणि १९९९ च्या हैदराबादच्या हॉटेलचालकांच्या प्रकरणात नियंत्रणासाठीच्या परवाना शुल्काला प्रत्यक्ष सेवेची अटही नको, फक्त ते अवाजवी नसावं, असं म्हटलं. तुमचं शुल्क 'परवाना' शुल्क आहे. 'मला काय सेवा दिली?' हा युक्तिवाद त्यामुळे एकट्याने टिकणार नाही. खर्चाशी तुलना करून ते अवाजवी आहे हे दाखवावं लागेल.

तेही आकड्यांनी. समजा जिल्ह्यात असे ४,००० परवानाधारक आहेत. जुन्या दराने जमा ८० लाख, नव्या दराने ३ कोटी. त्या कामावरच्या निरीक्षकांचे पगार, वाहन, छपाई, संगणक मिळून खर्च समजा ९० लाख. तर जुन्या दरात थोडी तूट होती, थोडी वाढ रास्तच होती, पण ३ कोटींचं समर्थन नाही. महागाईचं उत्तर खातं देणारच. मग शेवटची वाढ कधी झाली ते बघा. वर्षाला ६ टक्के धरले तर बारा वर्षांत दर साधारण दुप्पट होतो, २,००० चे ४,०००. उरलेल्या साडेतीन हजारांचा हिशेब त्यांनी द्यायला हवा. बारा वर्षांपूर्वीचा दर असूनही वाढ ४,२०० पर्यंतच असती, तर मी तुम्हाला भरून टाका म्हटलं असतं.

शिल्लक साठत गेली की काय होतं याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ५८ खाली न्यासांकडून उत्पन्नाच्या २ टक्के अंशदान घेतलं जायचं. निधीत प्रचंड रक्कम पडून राहिल्यावर २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वसुली थांबवली. नाशिकमध्ये न्यासांची संख्या पाहता हे इथे अनेकांना ठाऊक असेल. विलंबापोटीची जादा रक्कम तुमच्या ७,५०० मध्ये मिसळली आहे का तेही पाहा. दंडासाठी कायद्यात वेगळा अधिकार लागतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोटार वाहन नियमांतली विलंबाची वाढीव आकारणी या कारणावरून रद्द ठरवली होती.

हे आकडे मिळवायचे माहिती अधिकारातून. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. अर्ज १० रुपयांचा, प्रती २ रुपये पान, उत्तर ३० दिवसांत. मागायचं ते असं: सध्याचा दर ठरवणारी अधिसूचना किंवा ठराव, मसुदा प्रसिद्ध केला असल्यास त्याची प्रत आणि आलेल्या हरकतींवरची टिप्पणी, वाढीच्या प्रस्तावाची टिप्पणी वित्त विभागाच्या अभिप्रायासह, गेल्या तीन आर्थिक वर्षांत या शुल्कातून झालेली जमा, नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवल्याच्या तारखा. 'का वाढवलं' असं विचारू नका. कारणं देत बसणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, अभिलेखात आहे ते देणं आहे. अर्ज नाशिकच्या कार्यालयात टाकला तर बहुधा 'माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' असं येईल आणि महिना जाईल. नियम केला मंत्रालयातल्या विभागाने, तेव्हा त्या विभागाच्या कार्यासनाच्या (म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेच्या) माहिती अधिकाऱ्याला लिहा. कार्यासनाचा क्रमांक शासन निर्णयाच्या जावक क्रमांकात शेवटी असतो. जमेचा प्रश्न तेवढा इथे विचारा. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावून.

कागद हाती आले की आमदाराकडे जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. एका पानाचं टिपण न्या: अधिनियम आणि कलम, अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक, जुना दर, नवा दर, जमा, दोष कोणता. त्याखाली प्रश्नाचा मसुदा तयारच द्या. सभागृहाच्या प्रश्नांची घडण ठरलेली असते: '(१) … या परवान्याचे शुल्क २,००० रुपयांवरून ७,५०० रुपये करण्यात आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर वाढ करण्यापूर्वी हरकती मागविण्यात आल्या आहेत काय व सदर नियम दोन्ही सभागृहांपुढे कोणत्या दिनांकास ठेवण्यात आले, (३) असल्यास, या शुल्कातून गत तीन वर्षांत झालेली जमा व खर्च किती, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' सैल प्रश्नाला 'हे खरे नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही' एवढंच उत्तर मिळतं. क्रमांक आणि दिनांक टाकला की पळवाट अरुंद होते.

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत, आणि विधान परिषदेवर नाशिक विभागाचे पदवीधर व शिक्षक मतदारसंघांचे सदस्य आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थांची जागाही आहे. स्वतःच्या आमदाराने दाद दिली नाही म्हणून थांबायचं कारण नाही. विरोधी बाकावरचा सदस्य पुष्कळदा जास्त उत्साहाने विचारतो. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. टिपण त्याआधी निदान दोन महिने पोचलेलं बरं. अधिवेशन चालू असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी. परवानाधारक बरेच असतील तर संघटनेमार्फत, सदस्याच्या सहीने, विनंती अर्ज समितीकडे जाता येतं.

मंत्र्यांनी सभागृहात 'तपासून निर्णय घेऊ' म्हटलं तर ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. कार्यवृत्तातला तो उतारा जपून ठेवा. 'स्थगिती देतो' म्हटलं तर त्याच संध्याकाळी आनंद साजरा करू नका. लेखी आदेश निघून नाशिकच्या कार्यालयात पोचेपर्यंत खिडकीवर वाढीव दराचीच मागणी चालू राहते, आणि कर्मचाऱ्याचं त्यात चुकत नाही.

हे सगळं चालू असताना परवान्याची मुदत संपू देऊ नका. परवाना नसताना धंदा चालवला की शुल्काचा मुद्दा बाजूला पडतो आणि तुम्हीच आरोपीच्या जागी जाता. रक्कम भरा, पण त्याच दिवशी पत्र द्या: 'सुधारित दर मान्य नसून, वाढीव ५,५०० रुपये हक्क राखून, निषेध नोंदवून भरत आहे, दर रद्द झाल्यास परतावा मिळावा.' पत्रात चलनाचा जीआरएन क्रमांक लिहा आणि पोच घ्या. आवक विभाग शिक्का द्यायला कुरकुर करत असेल तर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. न्यायालयात जायची वेळ आली तर नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतो, औरंगाबाद खंडपीठाखाली नाही. शेजारचे जळगाव-धुळ्याचे लोक तिकडे जातात म्हणून हा गोंधळ होतो. एकट्याच्या ५,५०० रुपयांसाठी उच्च न्यायालयातली रिट याचिका परवडत नाही. वीस-पंचवीस परवानाधारकांनी मिळून केलं तर वकिलाचा खर्च वाटला जातो, पण प्रत्येकाचं निषेधाचं पत्र वेगळं आणि भरण्याच्या तारखेचंच असायला हवं.